मी तर इथेच बसले होते, मग सेशन संपलं कसं?

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. हातात उघडा लॅपटॉप. नातवाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होत्या. मुलगा आणि सून अजून ऑफिसातून यायचे होते आणि शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती. पडद्यावर एकच ओळ होती: ‘आपले सत्र समाप्त झाले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.’

“अगं, ह्याचं सत्र कुठे संपलंय? परीक्षा तर पुढच्या महिन्यात आहे,” काकू म्हणाल्या. कॉलेजच्या सत्राशी या सत्राचा काही संबंध नाही, हे सांगितल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला आणि तो फार नेमका होता. “मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही. सारखी टाइप करत होते. मग संपलं कसं?”

मी रोज कोथरूडहून हिंजवडीला जाते आणि जावा या भाषेत वेबसाइटची मागची बाजू लिहिते. मागची बाजू म्हणजे आपल्याला दिसत नाही, पण अर्ज स्वीकारते, पासवर्ड तपासते, पैसे वळते करते ती. बँका, विमा, प्रवेश, दाखले अशा कितीतरी ठिकाणी ही बाजू जावामध्ये लिहिलेली असते. ‘सत्र समाप्त’ ही ओळ जिथून येते ती जागा माझ्या रोजच्या कामातली आहे. प्रवेशाचे दिवस आले की घरोघरी ती ओळ दिसते, आणि माणसं स्वतःलाच दोष देतात: आपल्याला जमत नाही, आपलं वय झालं. तसं नाही, हे मला सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी मुळापासून सुरुवात करावी लागेल.

सर्व्हर तुम्हाला दर वेळी विसरतो

पान ज्या यंत्राकडून येतं तो सर्व्हर. तुमच्याकडच्या ज्या प्रोग्राममध्ये ते दिसतं तो ब्राउझर. दोघं एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्यांना एचटीटीपी म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या आसपास जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत हे नियम आखले. शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद सहज वाचायला मिळावेत, एवढाच हेतू होता. कागद मागायचा, कागद द्यायचा, विषय संपला. कोणी मागितला हे लक्षात ठेवायचं कारणच नव्हतं.

एक खिडकी डोळ्यांसमोर आणा. पलीकडचा माणूस कामाला चोख आहे, पण प्रत्येक कागद दिल्यावर समोरच्याला साफ विसरतो. तुम्ही जागचे हललाही नसाल, तरी पुढचं काही विचारलंत की म्हणणार, “आपण कोण?” वेब अजूनही याच पायावर उभं आहे. आणि या विसरण्यात मोठी ताकद आहे. कोणालाच लक्षात ठेवायचं नसल्यामुळे तो एकटा हजारो लोकांना भराभर कागद देऊ शकतो.

अडतं कुठे? जिथे चार पायऱ्यांचं काम असतं तिथे. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर गुण, तिसऱ्यावर बँक खातं. दुसरं पान पाठवणारी बाई पहिलं पान पाठवणारीच आहे हे त्या विसरणाऱ्या माणसाला कळणार कसं?

देवळाबाहेरचा बिल्ला

गर्दीच्या देवळाबाहेर चपलांचा स्टँड असतो. तुम्ही चपला देता, तो त्या एका कप्प्यात ठेवतो आणि कप्प्याचा नंबर असलेला पत्र्याचा बिल्ला तुमच्या हातात देतो. दर्शन घेऊन आल्यावर तो तुमचा चेहरा बघत नाही. बिल्ला बघतो, त्या नंबरच्या कप्प्यातल्या चपला काढून देतो.

सेशन, म्हणजे त्या ओळीतलं ‘सत्र’, नेमकं हेच. लॉगिन केलंत की सर्व्हर तुमच्यासाठी आपल्या स्मरणात एक कप्पा उघडतो. त्यात तुमचं नाव, तुम्ही कुठल्या पायरीवर आहात, तुम्हाला काय काय बघायची परवानगी आहे, असं ठेवतो. त्या कप्प्याचा नंबर ब्राउझरला देतो. पुढे प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर तो नंबर दाखवतो. सर्व्हर अजूनही तुम्हाला ओळखत नाहीच, तो फक्त बिल्ला ओळखतो.

ब्राउझर हा बिल्ला ज्या चिठ्ठीत जपून ठेवतो तिला कुकी म्हणतात. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ती सोय काढली. ऑनलाइन दुकानात टोपलीत टाकलेल्या वस्तू लक्षात कशा ठेवायच्या, हा प्रश्न तेव्हा समोर होता. ‘मॅजिक कुकी’ हा शब्द प्रोग्रामर मंडळींत आधीपासून होता, त्यावरून नाव पडलं. तेव्हापासून आजपर्यंत वेबवरचे कितीतरी लॉगिन याच छोट्या चिठ्ठीवर चालत आले आहेत.

जावाच्या जगात ही सोय सर्व्हलेट या पद्धतीबरोबर आली. सन मायक्रोसिस्टिम्सने ती १९९७ मध्ये बाजारात आणली. कप्पा उघडणं, त्यात वस्तू ठेवणं, काढणं आणि शेवटी कप्पा रिकामा करणं, यासाठी तिच्यात तयार आज्ञा असतात. प्रोग्रामरला बिल्ल्यांचा हिशेब स्वतः ठेवावा लागत नाही. तो ठेवायचं काम टॉमकॅटसारखा प्रोग्राम करतो. तुमच्या ब्राउझरच्या कुकींमध्ये कधी डोकावलात आणि ‘जेसेशनआयडी’ हे नाव दिसलं, तर समजायचं की पलीकडे जावा आहे. त्याच्यापुढची अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ हा तुमचा बिल्ला.

ही माळ इतकी लांब का? देवळाबाहेर ४२ नंबरचा बिल्ला असेल तर ४३ नंबरही असणार, हे कोणीही ओळखेल. इथे तसा अंदाज बांधता येता कामा नये. टॉमकॅट साधारणपणे ३२ अक्षरांची माळ पूर्णपणे यादृच्छिक, म्हणजे कुठलाही क्रम नसलेली, अशी बनवतो. अशा शक्य माळा किती, तर ३४ वर ३७ शून्यं. एकेक करून बघत बसलं तर युगं जातील.

“पण मी तर टाइप करत होते!”

आता काकूंचा प्रश्न. स्टँडवाल्याला किती वेळ चपला सांभाळायच्या याची काहीतरी मर्यादा हवी. तो काय करतो, तर तुम्ही शेवटचा बिल्ला दाखवलात तिथपासून घड्याळ लावतो. ठरावीक वेळात परत फिरकला नाहीत तर कप्पा रिकामा. टॉमकॅटमध्ये ही वेळ कोणी बदलली नाही तर ३० मिनिटं असते. साइट बनवणारे आपापल्या गरजेनुसार ती कमी-जास्त करतात.

सर्व्हरच्या लेखी ‘फिरकणं’ म्हणजे काय, हे कळलं की कोडं सुटतं. तुम्ही ‘पुढे’ किंवा ‘जतन करा’ हे बटण दाबता तेव्हा मागणी सर्व्हरकडे जाते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. पण रकान्यात टाइप करणं, वरखाली सरकणं, जन्मतारीख निवडणं हे सगळं तुमच्याच लॅपटॉपवर घडतं. त्यातलं काहीही सर्व्हरपर्यंत पोचत नाही. साइट बनवणाऱ्याने मुद्दाम तशी सोय केली असेल तरच पोचतं.

काकू पंचवीस मिनिटं गुणपत्रिका बघून सहा सेमिस्टरचे गुण भरत होत्या. त्यांच्या दृष्टीने ती पंचवीस मिनिटं कामाची. सर्व्हरच्या दृष्टीने समोर कोणीच नव्हतं, आणि या साइटची मुदत त्याहून कमी असणार. मग त्यांनी ‘पुढे’ दाबलं. बिल्ला हातात होता, पण त्या नंबरचा कप्पा केव्हाच रिकामा झाला होता. सर्व्हरने त्यांना लॉगिनच्या पानावर पाठवलं आणि आलेले गुण टाकून दिले.

इथे एक बारीक खाच आहे, जी नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी दाखवते. जावात ही मुदत दोन ठिकाणी लिहिता येते. मांडणीच्या, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये ती मिनिटांत लिहायची असते आणि प्रोग्रामच्या आत सेकंदांत. आत ‘३०’ लिहिलं तर अर्धा तास मिळत नाही, अर्धं मिनिट मिळतं. एका प्रकल्पात ही चूक माझ्या हातून चाचणीपर्यंत गेली होती. चाचणी घेणाऱ्या मुलीने दुपारभर सगळं तपासून ‘लॉगिन टिकत नाही’ असं कळवलं आणि मला कारण सापडायला संध्याकाळ झाली. लोकांपर्यंत ते गेलं नाही, हे तिचे उपकार.

मग वेळ वाढवून टाका ना!

हा आक्षेप प्रत्येकाचा असतो, आणि रास्त आहे. वेळ न वाढवण्याची दोन कारणं आहेत. एक जागेचं, दुसरं सुरक्षिततेचं.

जागेचं सोपं आहे. आपल्यातले बहुतेक लोक लॉगआउट करत नाहीत, खिडकी बंद करून उठतात. खिडकी बंद झाल्याची खबर सर्व्हरला कोणी देत नाही, म्हणून कप्पा तसाच भरलेला राहतो. एका कप्प्यात ५० केबी इतकीच माहिती धरली आणि दिवसभरात एक लाख लोक येऊन गेले, तर पाच जीबी स्मरण नुसतं निघून गेलेल्यांसाठी अडकून पडतं. मुदत असते म्हणून ही जागा मोकळी होत राहते. पण आज स्मरण स्वस्त झालं आहे. जागा हे खरं कारण आहे, मोठं कारण नाही.

मोठं कारण तुम्हाला कुठल्याही ई-सेवा केंद्रात दिसेल. एकच संगणक, त्यावर दिवसभरात पन्नास माणसं. तुम्ही अर्ज भरलात, पावती घेतलीत, लॉगआउट न करता निघालात. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने तीच साइट उघडली, तर ब्राउझर इमानदारीने तुमचाच बिल्ला दाखवतो. तुमचा आधार क्रमांक, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं त्याच्यासमोर. कॉलेजची लॅब, ऑफिसातला सामायिक संगणक, घरातला पाहुण्यांना दिलेला लॅपटॉप, सगळीकडे हेच. तुम्ही विसरलात तरी मुदत तुमच्या वतीने दार लावून घेते.

वेबच्या सुरक्षिततेवर काम करणारी ओवास्प ही संस्था जोखमीच्या व्यवहारांसाठी दोन ते पाच मिनिटं आणि कमी जोखमीच्या कामांसाठी पंधरा ते तीस मिनिटं, असा साधारण अंदाज देते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल पेमेंटच्या सुरक्षिततेबद्दल निर्देश काढले. हालचाल थांबल्यावर ठरावीक वेळाने इंटरनेट बँकिंगचं सेशन आपोआप बंद व्हावं, ही अपेक्षा त्यांत आहे. बँकेच्या साइटवर पाच मिनिटांत बाहेर काढलं तर मी चिडत नाही, उलट बरं वाटतं.

शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज म्हणजे बँकेचा व्यवहार नव्हे, हेही खरं. त्याकडे शेवटी येते.

बिल्ला दुसऱ्याच्या हाती लागला तर?

स्टँडवाला चेहरा बघत नाही, हे आपण वर पाहिलं. म्हणजे ज्याच्या हाती बिल्ला, चपला त्याच्या. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, ओटीपी मागा, लॉगिन झाल्यानंतर सगळा भरवसा त्या एका माळेवर असतो. ती माळ ज्याने नक्कल केली त्याला पासवर्ड लागतच नाही. पत्र्याचा बिल्ला चोरीला गेला तर खिसा रिकामा लागतो, तेव्हा कळतं तरी. आकड्यांची माळ नक्कल झाली तर मूळ तुमच्याकडेच राहते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. या सगळ्या विषयातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने ‘फायरशीप’ नावाची फायरफॉक्स ब्राउझरची एक जोड, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, सर्वांसमोर ठेवली. तेव्हा अनेक मोठ्या साइट लॉगिनचं पान तेवढं कुलूपबंद, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही असं पाठवत आणि पुढची पानं उघडी. कॅफेतल्या मोकळ्या वायफायवर बसून ही जोड चालू केली की आजूबाजूच्या लोकांचे बिल्ले हवेतून जाताना टिपता येत. नावावर क्लिक केलं की त्या माणसाच्या फेसबुक खात्यात शिरता येई. साइटवाल्यांना जाग यावी हाच त्याचा उद्देश होता, आणि जाग आली. फेसबुकने जानेवारी २०११ मध्ये सगळा वावर कुलूपबंद ठेवण्याचा पर्याय दिला. आज पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं, त्यातला शेवटचा ‘एस’ म्हणजे हे कुलूप.

जावात काम करणाऱ्यांनी बिल्ल्यावर दोन खुणा न चुकता कराव्यात. पहिली: हा बिल्ला फक्त कुलूपबंद वाटेनेच पाठवायचा. दुसरी: पानावर चालणाऱ्या कुठल्याही छोट्या प्रोग्रामला तो वाचू द्यायचा नाही, म्हणजे पानात कोणी घातक ओळी घुसवल्या तरी माळ त्यांच्या हाती लागत नाही. सर्व्हलेटच्या २००९ च्या आवृत्तीपासून या खुणा मांडणीच्या फाइलमध्ये दोन ओळींत करता येतात. दोन ओळी! त्या नसलेल्या साइट मी पाहिल्या आहेत आणि दर वेळी वाईट वाटलं आहे.

जुन्या जावा साइटवर आणखी एक प्रकार दिसतो. ब्राउझर कुकी घेत नसेल तर बिल्ल्याचा नंबर थेट पानाच्या पत्त्यातच चिकटवला जातो. मग कोणीतरी कौतुकाने तो पत्ता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, आणि उघडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पाठवणाऱ्याचा बिल्ला पडतो. ही वाट बंद करता येते आणि करायलाच हवी. पत्त्यात ‘जेसेशनआयडी’ दिसलं तर तो कोणालाही पाठवू नका.

याहून चलाख चोरी वेगळीच. चोर आधी स्वतः रांगेत उभा राहून बिल्ला घेतो, नंबर लिहून ठेवतो आणि तुम्हाला म्हणतो, “काकू, तुमच्यासाठी बिल्ला आणलाय, उन्हात उभ्या राहू नका.” तुम्ही विश्वासाने त्याच कप्प्यात पर्स ठेवता. नंबर त्याला ठाऊकच असतो. वेबवर हेच काम एक लिंक पाठवून करता येतं: लिंकमध्ये चोराने आधी मिळवलेला नंबर, आणि तुम्ही त्यावर क्लिक करून लॉगिन करता. यावरचा उपाय सोपा आहे. लॉगिन झाल्या क्षणी सर्व्हरने जुना बिल्ला मोडून नवीन नंबरचा द्यायचा, कप्प्यातल्या वस्तू तशाच ठेवून. सर्व्हलेटच्या २०१३ च्या आवृत्तीत त्यासाठी एक तयार आज्ञाच आली, आणि स्प्रिंग सिक्युरिटी हे जावातलं लॉगिन सांभाळणारं तयार साधन वापरणाऱ्यांना हे न मागता मिळतं. जिथे लॉगिन हाताने लिहिलेलं असतं तिथे मात्र ते राहून जातं. म्हणून दुसऱ्याचं काम तपासताना मी सगळ्यांत आधी लॉगिनच्या आधीचा आणि नंतरचा नंबर ताडून बघते.

दोन टॅब, दोन मुलं

हा भाग पालकांनी जरा सावकाश वाचावा.

घरात दोन मुलं आहेत, दोघांचे अर्ज भरायचे आहेत. बाबा एका टॅबमध्ये मुलीच्या नावाने लॉगिन करतात, वेळ वाचावा म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये मुलाच्या नावाने. दिसायला दोन पानं. पण एका ब्राउझरच्या खिशात एका साइटचा एकच बिल्ला मावतो. दुसरं लॉगिन झालं की पहिल्या टॅबचीही ओळख बदलते. आता मुलीच्या टॅबमध्ये भरलेले गुण ‘पुढे’ दाबल्यावर मुलाच्या खात्यात जाऊन पडू शकतात. पानावर नाव मुलीचंच दिसत असतं, कारण ते आधीच येऊन पडलेलं पान आहे.

एकाच लॉगिनखाली दोन अर्ज दोन टॅबमध्ये उघडले तरी हाच घोळ होऊ शकतो. प्रोग्रामरने ‘सध्या चालू असलेला अर्ज’ कप्प्यात ठेवला असेल, तर शेवटी उघडलेला अर्ज तिथे बसतो. चांगल्या साइटवर प्रत्येक पानाबरोबर अर्जाचा क्रमांक स्वतंत्र जातो आणि सर्व्हर तो तपासून घेतो. पण साइट चांगली आहे की नाही हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. म्हणून एका वेळी एकाचाच अर्ज भरा. लॉगआउट करा, मग दुसरा. अगदीच घाई असेल तर दोन वेगळे ब्राउझर वापरा, त्यांचे खिसे वेगळे असतात.

गर्दीच्या दिवशी मधूनच बाहेर का फेकलं जातं?

शेवटच्या तारखेला हा अनुभव हमखास येतो: मुदत संपलेली नसते, दर दोन मिनिटांनी पान पुढे जात असतं, आणि अचानक लॉगिनचं पान समोर येतं.

गणेशोत्सवात एका स्टँडने भागत नाही, पाच लावावे लागतात. मोठ्या साइटलाही एक सर्व्हर पुरत नाही. दारात एक वाटाड्या बसवतात, जो येणाऱ्यांना पाच सर्व्हरवर वाटून देतो. आता पहिल्या स्टँडचा बिल्ला तिसऱ्या स्टँडवर दाखवला तर काय मिळणार? तिथे तुमचा कप्पाच नाही.

यावर दोन मार्ग आहेत. एक, वाटाड्याने लक्षात ठेवायचं की ही बाई पहिल्या स्टँडची, तिला दर वेळी तिकडेच पाठवायचं. सोपा मार्ग, पण पहिला सर्व्हर गर्दीने कोलमडला की त्याच्या कप्प्यांतलं सगळं गेलं. काकूंसारखे हजारो लोक एकदम बाहेर. दुसरा मार्ग, पाचही स्टँडमागे एकच सामायिक खोली बांधायची आणि चपला तिथे ठेवायच्या. कुठल्याही खिडकीवर बिल्ला दाखवा, मिळतात. जावात स्प्रिंग सेशन हे तयार साधन आणि रेडिस ही माहिती झटपट ठेवायची-काढायची सामायिक जागा, या जोडीने असं करतात. अट एकच: कप्प्यातली प्रत्येक वस्तू गाठोडं बांधून दुसरीकडे पाठवता येण्याजोगी हवी. ज्याने कप्प्यात वाटेल ते कोंबलेलं असतं त्याची गाठोडी बांधताना पंचाईत होते. म्हणून माझं मत पक्कं आहे की कप्प्यात कमीत कमी ठेवावं: माणूस कोण आणि त्याला परवानगी कशाची. बाकी सगळं कायमच्या जागी, म्हणजे डेटाबेसमध्ये.

काही जण म्हणतात, कप्पेच नकोत, टोकन द्या. ते पुण्यातल्या पीएमपी बसच्या पाससारखं असतं. कंडक्टर कुठलं रजिस्टर उघडत नाही, पासवरची तारीख आणि शिक्का बघतो. तसं सर्व्हरच्या सहीचं टोकन ब्राउझरकडे द्यायचं, सही खरी आहे की नाही एवढं तपासायचं. या टोकनाचा एक प्रकार, ‘जेडब्ल्यूटी’, २०१५ मध्ये प्रमाणित झाला आणि आता खूप वापरला जातो. पण पास हरवला तर आजच्या आज तो रद्द कसा करणार? रद्द केलेल्या पासांची यादी प्रत्येक कंडक्टरला द्यावी लागेल, म्हणजे रजिस्टर परत आलंच. ज्या साइटवर ‘आत्ताच्या आत्ता बाहेर काढा’ म्हणता आलं पाहिजे तिथे मला साधं सेशनच बरं वाटतं.

सेशन संपू दे, पण अर्ज का जातो?

आता काकूंकडे परत येते, कारण त्या रात्री त्यांना खरं दुःख पुन्हा लॉगिन करावं लागल्याचं नव्हतंच. पंचवीस मिनिटांचं टंकन गेलं याचं होतं.

सेशन संपणं आवश्यक आहे, त्याची कारणं वर आली. भरलेली माहिती जाणं मात्र आवश्यक नाही. ती जाते कारण बनवणाऱ्याने ती जपण्याचं काम केलेलं नसतं. हे मी आमच्या व्यवसायातली एक म्हणून पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

करता काय येतं? टाइप करताना दर मिनिटा-दोन मिनिटांनी मजकुराचा कच्चा खर्डा आपोआप डेटाबेसमध्ये जाऊ शकतो. त्या निमित्ताने घड्याळही शून्यावर येतं. मुदत संपायच्या दोन मिनिटं आधी ‘अजून वेळ हवा का?’ असं विचारता येतं. आणि मुदत संपलीच, तर पुन्हा लॉगिन केल्यावर माणसाला त्याच पानावर, भरलेल्या माहितीसह आणून सोडता येतं.

खर्डा जपला तर ई-सेवा केंद्रातल्या पुढच्या माणसाला तो दिसेल का, असा प्रश्न काकूंनी लगेच विचारला. दिसणार नाही. खर्डा त्यांच्या नावाने डेटाबेसमध्ये असतो, पुन्हा लॉगिन केल्याशिवाय तो उघडत नाही. सुरक्षितता आणि सोय इथे एकमेकींच्या आड येत नाहीत.

ही माझी एकटीची हौसही नाही. वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सर्वांना वापरता येतील अशा साइटसाठी निकष घालून दिले आहेत. त्यातल्या अगदी पायाभूत पातळीवर म्हटलं आहे की मर्यादा बंद करण्याची किंवा आधीच बदलून घेण्याची सोय नसेल, तर वेळ संपण्याआधी सूचना द्यावी आणि साध्या कृतीने वेळ वाढवायला निदान २० सेकंद द्यावेत. सुरक्षिततेसाठी सेशन बंद करायला त्यांची हरकत नाही. पण वरच्या पातळीवर त्यांची अपेक्षा आहे की पुन्हा लॉगिन केल्यावर माहिती न गमावता काम पुढे चालू राहावं. सावकाश टाइप करणारे, कमी दिसणारे, हात थरथरणारे, इंग्रजी लेबलं मनात मराठीत लावून वाचणारे, यांना सगळ्यांना जास्त वेळ लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांच्याच घरातून भरला जातो.

तोवर आपण काय करायचं? बसण्याआधी दाखले, गुणपत्रिका, पासबुक हाताशी ठेवा आणि फोटो लागतील त्या मापात आधीच करून ठेवा. लांब मजकूर वेगळ्या फाइलमध्ये लिहून मग चिकटवा. ‘जतन करा’ असं बटण असेल तर दर काही रकान्यांनंतर दाबत राहा, घड्याळ मागे नेण्याचा तोच सरळ उपाय आहे. आणि दुसऱ्याच्या संगणकावर असाल तर उठताना लॉगआउट करा, नुसती खिडकी बंद करू नका. काही ब्राउझर ‘जिथे थांबलात तिथून पुढे’ या सोयीमुळे पुन्हा उघडल्यावर जुना बिल्लाही परत काढतात. लॉगआउट केलं की सर्व्हर कप्पाच मोडतो, मग बिल्ला कोणाच्याही हाती लागला तरी त्याच्यापुढे काही उघडत नाही.

आम्ही दोघींनी सगळे गुण आधी वहीत क्रमाने लिहून घेतले, मी वाचले, काकूंनी टाइप केले. अकरा मिनिटांत पान पुढे गेलं. अर्ज भरून झाल्यावर काकू म्हणाल्या, आता यांना कळवायला हवं. साइटवर मदतकक्षाचा ईमेल होता. ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहिलं तर माझ्यासारखीला त्यातून काही शोधता येत नाही, म्हणून मी त्यांना पान, वेळ आणि बटण लिहायला सांगितलं. बाकीचे शब्द त्यांचे:

‘तिसऱ्या पानावर मी २५ मिनिटे गुण भरत होते. “पुढे” दाबल्यावर लॉगिनचे पान आले आणि भरलेले सर्व गेले. आधी कोणतीही सूचना आली नाही. पुन्हा लॉगिन केल्यावर तेच पान, भरलेल्या गुणांसह मिळावे. माझ्या नातवाचे काम झाले आहे. हे पत्र बाकीच्यांसाठी लिहीत आहे.’